मागच्या लूपमधली लाल गाठ

तुम्ही आत्ता जी जीन्स घालून बसला आहात, तिचे धागे कोणी कापले?

शिवली कोणी, असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर तुम्ही देऊन मोकळे व्हाल: कारखान्यात, मशीनवर, कोणीतरी. मी धाग्यांबद्दल विचारतेय. शिवण संपते तिथे मशीन थांबतं, धागा मात्र बोटभर पुढे लोंबत राहतो. खिशाच्या कोपऱ्यात, चेनच्या मुळाशी, पट्टा ओवायच्या प्रत्येक लूपच्या दोन्ही टोकांना. तुम्हाला तो कधी दिसला नाही, कारण पँट तुमच्यापर्यंत यायच्या आधी कोणीतरी ती मांडीवर उलटी पसरून एकेक धागा चिमटीत धरून कापलेला असतो. तुम्हाला ट्रायल रूमच्या आरशात जी सफाई दिसते ना, ती त्या बाईच्या चिमटीतली आहे.

ऑक्टोबर परत आलाय. दुपारी बाराला आमच्या बदलापूरच्या रस्त्यांवर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमच्या भागात, सोनिवलीत, भाताची खाचरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, तरी चारच्या सुमाराला वाऱ्याची एखादी झुळूक कापलेल्या भाताचा वास घेऊन चौथ्या माळ्यापर्यंत चढते. तो वास आला की माझ्या नाकात लगेच दुसरा एक वास जागा होतो. कोऱ्या डेनिमचा. खळ, रंग आणि थोडंसं रॉकेल यांच्या मधला कुठलातरी. माझ्या बारावीच्या वर्षाचा ऑक्टोबर या दोन वासांचा बनलेला आहे, आणि तो निळा आहे.

निळा म्हणजे खरोखर निळा. आईची बोटं निळी, नखांच्या कडा निळ्या. माझ्या केमिस्ट्रीच्या वहीची पानं उलटायच्या कोपऱ्यात निळी. कापलेल्या धाग्यांचं बारीक कूस घरभर उडायचं, पंख्यावर चढायचं, आमटीत उतरायचं. करंज्यांचं पीठ मळायला घेताना आईनं लिंबानं हात घासघास घासले होते, तरी पहिल्या करंजीच्या मुरडीवर एक निळा ठसा उमटलाच. बाबांनी ती उचलली आणि म्हणाले, "ही माझी. हिच्यावर सही आहे."

बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत होते. ती बंद पडेपर्यंत होते, आणि बंद पडल्यावरही दोन वर्षं गेटबाहेर होते. आमच्या घरात देवघराखालच्या कप्प्यात पोथ्यांऐवजी कामगारांची पत्रकं असायची, पिवळी, गुलाबी, कडा कुरतडलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बाबा सांगायचे, पत्रकाचं पहिलं वाक्य प्रश्न असावं. घाईतला माणूस विधानाला वळसा घालून जातो, प्रश्नापाशी मात्र एक पाऊल थांबतो.

तर त्या ऑक्टोबरात आमच्या माळ्यावरच्या सहा बायका जिन्यापुढच्या पॅसेजमध्ये चटया टाकून धागे कापायच्या. माल उल्हासनगरहून यायचा. टेम्पोबरोबर यायचे हरेशभाई. अंगानं बारीक, बोलण्यात घाई, आणि चहा मात्र बशीत ओतून सावकाश. पूर्वी कधीतरी त्यांनी स्वतःही हातात कटर धरलेला होता, बायकांच्या कटरच्या आवाजावरूनच ते सांगायचे, "भाभी, धार गेली. बदलो."

एके दिवशी बंडलं उतरवताना ते आईला म्हणाले, "ताई, ये लॉट जरा संभालके हां. बाहर का है. तीन छोटे-छोटे कंट्री है, बाजू-बाजू में. तीनों में एकही कंपनी का दुकान."

"कुठले देश?" आईनं विचारलं.

"अब मेरे को क्या पता, साईं! ठंडा है उधर, इतना मालूम. ऐसा समझो ना, एक उल्हासनगर, एक अंबरनाथ, एक बदलापूर."

मी लेबल उलटून पाहिलं. धुवायच्या सूचना तीन भाषांत, एकाखाली एक. अक्षरं इंग्रजीसारखी, पण कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाला शेपूट. शाळेचा नकाशा काढला. वर, अगदी वर, एका थंड समुद्राच्या काठाला तीन देश एकमेकांना टेकून बसलेले: एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया. पॅसेजमधल्या सगळ्या बायका नकाशावर ओणव्या झाल्या.

"यातलं बदलापूर कंचं गो?" मालनकाकूंनी विचारलं.

"सगळ्यात खालचं. लिथुआनिया."

"म्हंजे आपुन खालीच काय?"

"पण तिघांत मोठं आहे, काकू."

"मंग ऱ्हाऊ दे," मालनकाकू समाधानानं म्हणाल्या आणि बंडल पुढ्यात ओढलं. समोरच्या रेश्मावहिनी म्हणाल्या, "तिकडच्या बायका बसल्या असतील काय हो आपला नकाशा उघडून?" त्यावर हशा झाला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न बरेच दिवस गेला नाही.

कारण मला तेव्हा एक गोष्ट दिसायला लागली होती. मोठा बाजार छोट्यांना कधी एकेकटं बघत नाही. तिकडच्या त्या तीन देशांना तीन भाषा, तीन झेंडे, बहुधा एकमेकांशी जुने टोमणेही असतील. कंपनीनं तिघांना मिळून एक लेबल शिवलं आणि विषय संपवला. आमचंही तसंच. मुंबईतल्या माणसाला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हणजे "कल्याणच्या पुढे" असतं. त्याला काय माहीत की उल्हासनगरच्या दुकानातला पुतळासुद्धा नवरदेवासारखा चमकतो, अंबरनाथची जुनी माणसं अजून कापड हातात चुरगाळून बघितल्याशिवाय घेत नाहीत, आणि बदलापूरची मुलगी तीन दुकानं पालथी घालून चौथ्यात पहिल्याच दुकानाचा भाव सांगते. आम्ही तिघं एक नाही आहोत. आम्हाला एकत्र बांधणं सोयीचं आहे, एवढंच.

मालनकाकूंबद्दल सांगायला हवं. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांची. भाताची खाचरं. जमिनीच्या बदल्यात त्यांना आमच्याच माळ्यावर एक फ्लॅट मिळाला, त्यात मुलगा, सून आणि एक गॅलरी. त्या गॅलरीतून खाली बोट दाखवून त्या सांगायच्या, "थय, ती सफेद गाडी हाय ना, थय माझा बांध." विळ्यानं आयुष्यभर भात कापलेला हात, कटर धरला तेव्हा आठवड्यात सगळ्यांच्या पुढे गेला. त्या कापताना बघत नसत, गप्पा मारत असत. आम्हाला ते कौतुकाचं वाटायचं. त्या बघत नव्हत्या कारण त्यांना नीट दिसत नव्हतं, हे कळायला आम्हाला तो ऑक्टोबर लागला.

आमच्या कामात एक पद्धत होती. प्रत्येक बाईला एक रंग. पीस पुरा झाला की कमरेच्या मागच्या लूपमध्ये, आतल्या बाजूनं, आपल्या रंगाच्या धाग्याची एक गाठ मारायची. आईची हिरवी, रेश्मावहिनींची पिवळी, मालनकाकूंची लाल. माल उल्हासनगरला गेला की चेकर एकेक पीस उलटा करून बघायचा. कुठे कटरची टोच लागून कापड फाटलेलं, कुठे धाग्याबरोबर शिवणच कापली गेलेली दिसली, की गाठीचा रंग बघायचा. सगळं ठीक असेल तर पीस पॅकिंगला, तिथे गाठ कापून टाकायची. म्हणजे बघा, ती गाठ फक्त चूक शोधायला होती. काम चांगलं झालं की पहिली कापली जायची ती बाईची खूण.

दसरा झाला आणि हरेशभाई तीन पँटी हातात घेऊन जिना चढून आले. बशीतला चहाही घेतला नाही. तिन्ही पँटींच्या खिशाची शिवण उसवलेली, तिन्हींत लाल गाठ.

"काकू, ये क्या है?"

मालनकाकूंनी पँट डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "मना काय दिसत नाय त्यात."

"वही तो प्रॉब्लेम है," हरेशभाई हळू आवाजात म्हणाले. मग आईकडे वळून, "ताई, आणखी एक पीस आला ना, तर लाल बंद. मी काय करू? वरून सांगितलंय."

लाल बंद. माणसाचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. रंग बंद केला की बाई बंद.

ते गेल्यावर मालनकाकू बराच वेळ कटरची स्प्रिंग दाबत बसल्या होत्या. उघड, मीट, उघड, मीट. मग म्हणाल्या, "काम गेलं तं मी काय करू गो? माझ्याच शेताच्या वर चौथ्या माळ्याला बसून नुसता खाली बघत ऱ्हाऊ?" त्या पॅसेजमध्ये पाच बायकांबरोबर चटईवर बसणं, हेच त्यांचं उरलेलं शेत होतं.

मी पेटले. पेटल्यावर मला जे येत होतं तेच मी केलं: पत्रक लिहिलं. दोन पानी. त्यात भांडवल होतं, नफा होता, बाल्टिक समुद्रापासून उल्हास नदीपर्यंत पसरलेली शोषणाची साखळी होती. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये उभी राहून मी ते खड्या आवाजात वाचलं. बायका कापता कापता ऐकत होत्या. संपल्यावर रेश्मावहिनी म्हणाल्या, "छान आहे गं. पण यात काकूंचे डोळे कुठे आहेत?"

मी कागद खाली घेतला. खरंच नव्हते.

बाबा दारात उभे होते. ते माझी बाजू घेतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "प्रश्नानं सुरुवात केलीस ते बरं केलंस. पण तो प्रश्न या बायकांना विचारायचा होता. तू भिंतीला विचारलास."

आईनं चपला घातल्या आणि कात्रपच्या बाजारात गेली. तासाभरानं आली ती कागदाच्या पुडीत धाग्याची रिळं घेऊन. सहा रिळं, सहाही लाल. तिनं ती प्रत्येकीच्या चटईवर एकेक ठेवली, देवाचा प्रसाद ठेवावा तशी, आणि आपल्या जागेवर बसून पहिल्या पँटीच्या मागच्या लूपमध्ये लाल गाठ मारली.

रेश्मावहिनींनी रीळ हातात घेऊन फिरवलं. "ताई, सगळ्यांचं जाईल हं याच्यात."

"जाईल," आई म्हणाली. "नाहीतर एकेकीचं जाईल. आज काकूंचे डोळे आहेत, उद्या माझी मान आहे. तुझी कंबर आहेच."

"माझ्या कंबरेला मध्ये आणू नका," वहिनी म्हणाल्या आणि दातानं धागा तोडला.

मालनकाकूंना मात्र आईनं धागे कापण्यावरून उठवलं. "तुम्ही आता खिशांचे धागे कापायचे नाहीत. तुमच्या बोटांना दिसतं, डोळ्यांना नाही. बटणं चाचपायची, सैल असेल तो पीस बाजूला काढायचा." काकूंनी थोडी कुरकुर केली, मग बटणावर अंगठा फिरवला आणि पाचव्याच पँटीला म्हणाल्या, "हा ढिला हाय." तो ढिला होता.

हरेशभाई आले तेव्हा मी दाराआडून बघत होते. त्यांनी एक पीस उलटा केला. दुसरा केला. वेगळ्या बंडलातला तिसरा केला.

"सब लाल?"

"सगळ्या लाल," आई म्हणाली.

"ताई, मजाक मत करो. मग गलती किसकी, पता कैसे चलेगा?"

"आमची. परत आणा, सगळ्या मिळून दुरुस्त करून देऊ. पण कोणाची ते सांगणार नाही."

"मेरे को वर जवाब द्यायचा असतो! माझा पण कलर आहे तिकडं, ताई. तुम्हाला काय वाटतं, मी शेठ आहे?" आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून एक बिल्ला काढून दाखवला, त्यांच्या बंडलांना लावायचा, निळा. "ये निळा बंद झाला तो मैं बंद."

मी आयुष्यात वाचलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्या एका निळ्या बिल्ल्यानं मला जास्त शिकवलं. त्या थंड समुद्राकाठच्या दुकानात कुणा गिऱ्हाइकाचा खिसा उसवला, की दोष शोधणारा माणूस पायऱ्या उतरायला लागतो. दुकानापासून कंपनी, कंपनीपासून शेठ, शेठपासून हरेशभाई, हरेशभाईंपासून मालनकाकू. प्रत्येक पायरीवर एक रंग, एक नंबर, एक खूण. ही वाट अशी चकचकीत ठेवलेली की दोष वाटेत कुठे अडखळत नाही. आणि खालून वर? मालनकाकूंच्या अंगठ्यानं शोधलेलं सैल बटण, त्यामुळे तिकडे कुणाची पँट ऐन रस्त्यात सुटली नाही, ही बातमी वर न्यायला एकही पायरी नाही. फॅशनचा एवढा मोठा बाजार, तीन-तीन देशांत झगझगणाऱ्या काचा, आणि आभार चढवायला साधा जिना नाही!

हरेशभाईंनी तयार बंडलं उचलली, राहिलेलीही उचलली आणि निघून गेले.

चार दिवस पॅसेज रिकामा होता. चटया भिंतीला उभ्या. कूस उडत नव्हतं, आमटी स्वच्छ होती, आणि घराघरात बायका विनाकारण भांडी आपटत होत्या. मालनकाकूंची सून आईला जिन्यात म्हणाली, "आमच्या सासूबाईंपायी सगळ्यांचं बंद पाडलंत." त्या संध्याकाळी आईनं कंदिलाचा कागद चार वेळा चिकटवला आणि चार वेळा सोडवला. मी विचारलं, "चुकलं का गं आपलं?" ती म्हणाली, "चुकलं असेल. पण एकटीचं नाही चुकलं."

पाचव्या दिवशी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दिवाळी तोंडावर, लॉट अर्धा, आणि त्या दिवसांत सगळ्या उल्हासनगरात मोकळा हात मिळत नव्हता. हरेशभाई वर आले, बंडलं ठेवली, खाली बसले. म्हणाले, "चाय नहीं पिलाओगे?" चहा झाला. बशीत ओतला गेला. गाठीच्या रंगाबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत.

हा विजय होता असं मी तेव्हा वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आता तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिणार नाही. रेश्मावहिनींनी पुढच्या वर्षी दुसरं काम धरलं. मालनकाकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं. पण एक गोष्ट त्या घाईत घडली, तिचं सुख मला अजून पुरतं. शेवटच्या बंडलांच्या गाठी कापायला पॅकिंगमध्ये कोणाला वेळच मिळाला नाही. हरेशभाई डोक्याला हात लावून सांगत होते, "सब के सब लाल धागे के साथ चले गये!" त्या तीन थंड देशांत कुणाच्यातरी कमरेला, मागच्या लूपच्या आत, कुंकवाएवढी लाल गाठ बर्फातून चालत गेली असेल. त्यांना ती चूक वाटली असेल. त्या लॉटमधली आमची तेवढीच एक सही होती.

परवा आईबरोबर कात्रपच्या नव्या शोरूममध्ये गेले होते. थंडगार हवा, काचेवर मोठ्या अक्षरांत "युरोपियन फिट". आईनं सवयीनं पँट उलटी केली, खिशाच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि पर्समधून कटर काढून टचकन एक धागा कापला.

काउंटरवरची मुलगी किंचाळलीच. "आंटी! काय करताय?"

"तुमचा राहिलेला कापतेय," आई म्हणाली. "बघ, आता विक."

मुलगी इकडे-तिकडे बघून हसली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझी मम्मी पण करते. अंबरनाथला."

या वर्षी आमच्या पॅसेजमध्ये गाठी नाहीत. प्रत्येक बाईला तिच्या नंबरचे स्टिकर आहेत, काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे, पीसवर लावायचे. हरेशभाईंचा मुलगा मोबाईल समोर धरतो आणि बाईचा नंबर येतो. चूक सापडली की नंबर ब्लॉक. जिना चढून सांगायला यायचीही गरज नाही, चहाला हो की नाही म्हणायचीही नाही. गेल्या आठवड्यात आमच्या माळ्यावरचा पहिला नंबर ब्लॉक झाला. तळमजल्यावरून नवीन आलेली मुलगी, सात महिन्यांची गरोदर.

त्या दुपारी आईनं सगळी बंडलं सोडून पॅसेजच्या मधोमध एकच ढीग घातला. ज्या बाईच्या हाताला जो पीस येईल तो तिनं कापायचा, आणि जो स्टिकर हाताला लागेल तो त्याच्यावर लावायचा. नंबर ब्लॉक झालेली मुलगीही त्याच ढिगाशी बसलीय. आता कुठल्याही नंबरच्या पँटीवर आठ बायकांचे हात आहेत. वरून निरोप आलाय, हे थांबवा, नाहीतर दिवाळीनंतर माळाच बंद. बायकांनी ढीग मोडलेला नाही.

आणि मालनकाकू भिंतीला टेकून, एका डोळ्यानं बघत आणि दोन्ही हातांनी चाचपत, प्रत्येक पँटीच्या मागच्या लूपमध्ये लाल गाठ मारताहेत. अगदी आत, शिवणीत दडवून, पॅकिंगमधली घाईतली नजर चुकवून. या वेळी ती चुकून राहणार नाही. ती ठेवलेली आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. या दिवाळीत जीन्स घ्यायला जाल तेव्हा, दुकान कल्याणच्या पुढचं असो की समुद्रापलीकडचं, आरशात बघायच्या आधी पँट उलटी करा. मागच्या लूपच्या आत बोट घाला. लाल गाठ लागली तर ती कापू नका. तशीच घालून फिरा. नाही लागली तर पँट काउंटरवर ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "हिचे धागे कोणी कापले?" काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका, तिलाही उत्तर हवं असेल. मालकाला बोलवायला सांगा. मागे रांग वाढेल, लोक घड्याळं बघतील. वाढू द्या. उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका.